सुई कशानं तुटली

माझ्याकडे एक जुनं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला बसतं, अंगठ्याच्या पेराएवढं. पुढे बारीक दांडीवर हिऱ्याची सुई, मागे केसासारख्या तारेची वेटोळी, आणि त्या वेटोळ्यांना लागून एक जबर चुंबक. रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरली की वेटोळी थरथरतात आणि त्यातून गाणं निघतं. तेही इतकं क्षीण की आधी एका छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या डबीतून वाढवून घ्यावं लागतं. साध्या कार्ट्रिजची सुई गेली तर दुसरी बसवता येते. याची सुई तुटली की सगळंच कारागिराकडे पाठवायचं.

याच्याबरोबर राहायचं तर याच्या कलानं घ्यावं लागतं. आमच्या चिखलीत थंडीच्या सकाळी ते आखडलेलं असतं. रेकॉर्डची एक बाजू वाजेपर्यंत आवाज पातळ येतो, मग मोकळा होतो. जिनिंगच्या दिवसांत हवेतलं कापसाचं तूस सुईला धरतं, ते मऊ कुंचल्यानं मागून पुढे झाडायचं. शेजाऱ्यांची बोअरची मोटर सुरू झाली की डबी घरघरते, मग त्यांची टाकी भरेपर्यंत गाणं बंद. पण एकदा जमलं की तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येते, आणि गाणारीनं कुठे श्वास घेतला तेही कळतं.

ही सुई माझ्या बायकोच्या हातून तुटली, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. ते खोटं आहे.

जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावानं आपला वापरलेला प्लेअर या कार्ट्रिजसकट मला दिला होता. देताना त्यानं एकच बजावलं, "याच्याजवळ लोखंड नेऊ नको बे. मॅग्नेट लय खतरनाक हाय." मी हसलो. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. कागदावर लोहकीस टाकून पोरांना चुंबकाची ओढ दाखवणं हे माझं दर वर्षाचं काम.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कात्री, पक्कड, बायकोची शिलाई मशीन; प्लेअर आल्यापासून तोही. त्या वर्षी आदल्या दिवशी मी हत्यारं पुसत बसलो होतो. मशीनचा पेचकस पुसता पुसता नजर प्लेअरकडे गेली. कार्ट्रिज जरासं तिरपं वाटलं. पेचकस हातात होताच. स्क्रू आवळायला जवळ नेला आणि हातातून कोणी हिसकावा तसा तो ओढला गेला. टक् एवढाच आवाज झाला. सुईची दांडी वाकडी होऊन लोंबत होती.

मी झाकण लावलं आणि बाजारात निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं झाकण उघडून प्लेअर ओल्या फडक्यानं पुसला, कुंकू लावलं. संध्याकाळी मावसभाऊ गाणं ऐकायला आला. त्यानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "हे कसं झालं?" चुंबक शिकवणारा मास्तर आणि त्यानंच लोखंडी पेचकस नेला, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "सकाळी पुसलं ना इनं. फडक्याचा धागा अडकला असंल."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "हाव, म्याच पुसलं," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटलं.

त्यानंतर तिनं प्लेअरला हात लावला नाही. त्याआधी दुपारी स्वतः रेकॉर्ड लावून ती मशीनवर बसायची. आता मी साधं कार्ट्रिज बसवलं होतं, तरी म्हणायची, "तुमीच लावा." खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांना बोटानं हळदकुंकू, आणि प्लेअरवर लांबूनच अक्षता. त्याच रांगेत तो पेचकसही असायचा. त्याला ती दर वर्षी ठसठशीत कुंकू लावायची. धामणगाव बढ्याला तिच्या बहिणीकडे गेलं की मेहुणी कपबश्यांचा ट्रे उचलून दूर न्यायची. "ताईच्या हातात देऊ नका वं, लोकाइच्या सुया मोडते ते." सगळे हसायचे. बायकोही हसायची. मीही.

मोडकं कार्ट्रिज कपाटात पडून होतं. मावसभाऊ वारला, मी निवृत्त झालो. यंदा मुलीनं एक कारागीर शोधला, त्यानं नवी दांडी, नवी सुई घालून ते परत पाठवलं. मी ते पितळी पेचकसानं बसवलं. शहाणपण आलं होतं, फक्त उशिरा.

खंडेनवमीच्या सकाळी बायको ताट घेऊन प्लेअरसमोर आली. मुठीत अक्षता घेतल्या, डोळे मिटले आणि पुटपुटली, "माय, यावक्ती माह्या हातानं नको मोडू."

मी तिथेच पाटावर होतो. म्हणालो, "तुह्या हातानं मोडलीच नाई ते. म्या मोडली. या पेचकसानं. आदल्या दिवशी."

तिनं ताट खाली ठेवलं. "अन् फडकं?"

"फडक्यानं काई झालं नाई. म्या खोटं बोललो."

"काऊन?"

"लाज वाटली. मास्तर होतो ना मॅग्नेटचा."

 तिनं पदराची पिन काढली आणि म्हणाली, "दाखवा. कसं ओढते ते."

"अवं, आत्ताच नीट होऊन आलं..."

"अजूनबी त्याचीच काळजी?"

मी कार्ट्रिज उतरवलं, सुईवर टोपी चढवली आणि मागच्या बाजूनं पुढे धरलं. तिनं पिन जवळ आणली. पिन चिमटीतून सुटून टचकन जाऊन चिकटली. ती पाहतच राहिली. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. पण ती हसत होती, खांदे हलेपर्यंत. "व माय! पोराइले हेच शिकवत होते ना तुमी?"

ज्या हसण्याला इतकी वर्षं भ्यालो ते हे एवढंच होतं. छातीवरचा पाटा कोणी उचलावा तसं झालं.

पण हसून तिनं सोडलं नाही. डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला. "माह्या बहिणीले सांगा. तिच्या घरी लय हसले मले." मी फोन लावला, तिनं स्पीकर सुरू केला. मी सगळं सांगितलं. मेहुणीनं तिकडून विचारलं,

"भाऊजी, तुमी सायन्सचेच मास्तर होते ना?"

"हाव."

"बरं झालं बाप्पा, माह्या पोराइले तुमच्या शाळेत नाई टाकलं." मग आवाज खाली आला. "ताईले द्या फोन."

त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी पितळी पेचकस घेऊन कार्ट्रिज पुन्हा बसवत होतो.

फोन ठेवून बायको आली. बोट कुंकवात बुडवलं आणि प्लेअरच्या लाकडावर टेकवलं, चांगलं दाबून. लोखंडी पेचकस रांगेतून उचलला आणि बिनकुंकवाचा मशीनच्या खणात टाकला. मग कपाटातून तिची जुनी आवडती रेकॉर्ड काढून प्लेअरवर ठेवली आणि दांडी उचलली.  मी मदतीला पुढे वाकलो.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "तुमची सावली पडून राह्यली. मले सुई दिसू द्या."

मी सरकलो.