पहिली प्रत दुकानदाराला

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे मी चालायला लागायच्या आधीपासून आहेत. बाबा शाळेत शिकवत, पण कारापुरात त्यांची ओळख पत्रकवाले मास्तर अशीच. सुर्ल्याच्या रस्त्यावरची ट्रकांची धूळ, न आलेला पाण्याचा टँकर, मांद्र्याच्या किनाऱ्यावर कुणी अडवलेली पायवाट, काहीही झालं की बाबा खिडकीजवळच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसायचे, मांडीवर फळी घ्यायचे आणि एका पानाचं पत्रक लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पानांवर. ‘कमळ’च्या आधी मला ‘निषेध’ वाचता येत होतं, असं आई अजून पाहुण्यांना सांगते.

बाबांचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध पत्रक आहे, त्याला पहिली प्रत आपल्या हाताने नेऊन द्यायची, मगच बाजारात वाटायची. पाठीमागून वाटलं तर ती चहाडी. एकदा ते पहिली प्रत घेऊन एका खाणीच्या हापिसाबाहेर दुपारभर बाकावर बसून राहिले. आत कुणी घेईना, पण ती प्रत साहेबाच्या हातात दिल्याशिवाय ते घरी आले नाहीत.

गेल्या वर्षी मी ती सगळी पत्रकं स्कॅन करायला घेतली. वाळवीने आधीच काही गठ्ठे खाल्ले होते. शिवाय गावच्या सभांची चित्रीकरणं होती, तीही मोठाली. आमच्या डेस्कटॉपमधली जुनी, आत चकती फिरणारी हार्ड डिस्क या ओझ्याखाली कण्हत होती. एक फोल्डर उघडेपर्यंत बाबांचा चहा पिऊन व्हायचा. म्हणून एसएसडी, म्हणजे चकती नसलेली वेगवान डिस्क, घ्यायचं ठरलं.

साखळीच्या बाजारात तेव्हा एक नवं दुकान निघालं होतं. दोन माणसं एकदम आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. मालक दोडामार्गकडचा. बारा वर्षं एका खाणीवर वजनकाट्याचा कॉम्प्युटर सांभाळायचा. खाण बंद पडली आणि हातात होतं नव्हतं ते त्याने या दुकानात घातलं. हे त्यानेच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माझ्यासाठी डिस्क शोधता शोधता. डिस्क कसली, बोटभर लांबीची हिरवी पट्टी.

“खोक्यावर सेकंदाक सात हजार मेगाबाइट लिवलेला आसा,” तो म्हणाला. “पण तुमच्या बोर्डाक अर्धोच वेग गावतलो. आदीच सांगतंय ताई, मागीर माका गाळी घालू नकात.”

“गाळी नाही घालणार. मोजून बघणार.”

“मोजा, मोजा. मी येवन बसवन देतंय, फुकट.”

“नको. आमचं यंत्र आम्हीच उघडतो.”

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आपली वस्तू आपण दुरुस्त करावी, या विषयावर मी कॉलेजात असताना एक पत्रकही काढलं होतं.

घरी बाबांनी टॉर्च धरली आणि मी कॅबिनेट उघडलं. बोर्डावर डिस्कची जागा होती आणि तिच्यावर स्क्रूने बसवायची एक धातूची पट्टी. पट्टीच्या आतल्या बाजूला मऊ राखाडी पॅड आणि पॅडवर पातळ निळसर प्लास्टिक. मी ते नखाने उचलायला गेले.

“रावूं दी गो तें,” बाबा म्हणाले. “नवें आसा. धुल्ल बसची ना.”

आमच्या घरात फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक तो आणल्या दिवसापासून आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. बाबांच्या स्कूटरची सीट पाच वर्षांनीही कव्हरातच आहे, त्या कव्हराला भोकं पडली तरी. या घरात वाढलेल्या माणसाला त्या सल्ल्यात काही वावगं वाटलं नाही. मी डिस्क जागेवर बसवली आणि प्लास्टिक तसंच ठेवून पट्टीचे स्क्रू आवळले.

पहिली छोटी फाइल पापणी लवायच्या आत उतरली. बाबांनी टाळी वाजवली. मग मी सभांच्या चित्रीकरणाचं मोठं फोल्डर नव्या डिस्कवर घेतलं आणि तिथल्या तिथे त्याची कॉपी लावली. मिनिटभर वेग छान होता, नंतर कोसळला. इतका की त्यापेक्षा जुनी डिस्क बरी म्हणावी. मी तीन दिवस, रोज एकाच वेळी, तेच फोल्डर उतरवून पाहिलं. मोबाइलवर वेळ लावून वहीत आकडे लिहिले. तिन्ही वेळा तेच. आता माझ्याकडे पुरावा होता.

पत्रक लिहायला मला तासही लागला नाही. ‘वेगाच्या नावाखाली लूट’ हे शीर्षक. त्याखाली दुकानाचं नाव, ठळक अक्षरात. ‘नव्या पाटीमागे जुनाच माल’ असं एक वाक्य होतं आणि त्याचा मला फार अभिमान वाटला होता. दोनशे प्रती काढल्या. आठवड्याचा बाजार दुसऱ्या दिवशी होता.

बाबांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “पयली प्रत?”

“देते. सकाळी, बाजार भरायच्या आधी.”

सकाळी मी पोचले तेव्हा दुकानदार शटर वर करतच होता. मला बघून हसला. “काय ताई, धावता मगो डिस्क?” मी प्रत त्याच्यापुढे धरली. त्याने हातातला झाडू कोपऱ्यात ठेवला, हात पँटला पुसले आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. पान एकच होतं, पण त्याला खूप वेळ लागला. मी काउंटरवरच्या किबोर्डांकडे बघत राहिले. पाटीवरचा रंग अजून इतका नवा होता की त्याचा वास येत होता.

“किती छापलात?”

“दोनशे.”

“वाटलात?”

“अजून नाही. पहिली तुम्हाला.”

“माका पयली दिलात ता बरा केलात.” त्याचा आवाज चढला नाही. “वेग मोजलात. ती किती तापता, ता बघितलात?”

माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

“मशीन बघूक येव? बघल्यावर मगे वाटा. मी आडवूचंय नाय.”

त्याने शटर पुन्हा खाली ओढलं. बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकं यायच्या वेळेला. आणि माझ्या मागोमाग स्कूटर घेऊन कारापूरला आला.

आमच्या घरात त्याने आधी बाबांना नमस्कार केला, मग यंत्र चालू करून एका छोट्या प्रोग्रॅममध्ये तापमान दाखवलं. फोल्डर उतरायला लागलं तसा आकडा चढत गेला, ऐंशीच्या पुढे गेला आणि त्याच क्षणी वेग कोसळला. “तापता, म्हणान स्वताक आवरता,” तो म्हणाला. यंत्र बंद करून त्याने धातूची पट्टी सोडवली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली.

“ह्या प्लास्टिक काढूक नाय तुमी.”

डिस्कची उष्णता त्या पॅडमधून धातूत जायची असते. मधे प्लास्टिक, म्हणून ती कोंडून राहिली होती. त्याने ते नखाने सोलून काढलं. चर्रर्र असा केवढासा आवाज झाला, पण माझे कान तापले. बाकीच्या प्रती तिथेच टेबलावर होत्या, त्याच्या दुकानाचं नाव वरच्या बाजूला घेऊन.

“तें प्लास्टिक हांवें रावयलां,” बाबा म्हणाले. “तिची चूक न्हू.”

“नाही,” मी म्हटलं. “मोजमाप माझं होतं. नाव मी छापलं.” मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “दादा, माझी चूक झाली. मी माफी मागते.”

तो संकोचला. “आदी वेग तरी बघया,” म्हणत त्याने तेच फोल्डर पुन्हा लावलं. आई चहा आणि उंडे, आमच्याकडचे गोल पाव, घेऊन आली. या वेळी वेग बराच वेळ टिकला आणि मग खाली आला, कोसळला नाही, एक पायरी उतरला. मी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“येतलोच खाली,” उंडा चहात बुडवत तो म्हणाला. “ह्यो सात हजार, साडेतीन हजार, सगळो पयल्या दमाचो वेग. मोठा काम दिलात की दमता. डिस्क वायट नाय. पण खोक्यावर पयलोच दम लिवतत, दुसरो लिवणत नाय.”

“मग हे तरी खोटंच की!”

“मगे ता लिवा. दुकानाचा नाव काढा, आणि प्लास्टिकचा घाला. बाकी भाषा झकास आसा.”

बाबा खो खो हसले. मला हसू यायला वेळ लागला.

जाताना त्याने सकाळची पहिली प्रत काढून दाखवली, नीट घडी घालून परत खिशात ठेवली. “ही रवांदेत माझ्याकडे. उद्या कोण गिऱ्हाईक ओरडाक लागला तर काढून वाचीन. ह्याच्यापरास वायट कोण बोलाचा नाय.”

उरलेल्या प्रती मी न्हाणीच्या चुलीत घातल्या. त्या दिवशी आंघोळीचं पाणी पत्रकांवर तापलं. मग बसून नवं पत्रक लिहिलं: डिस्क बसवताना काय सोलायचं, वेग किती वेळ मोजायचा, तापमानाचा रकाना कसा आखायचा आणि खोक्यावर काय लिहिलेलं नसतं. शेवटी, ही चूक मी स्वतः केली आहे, असं स्पष्ट लिहून खाली माझी सही केली. त्याची पहिली प्रतही मी साखळीला त्याच्याच हातात नेऊन दिली. आता तो प्रत्येक डिस्कच्या खोक्यात एक घालतो.

आमच्या फ्रिजवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. बाबा म्हणतात, तो कुठे धावतो.