मोराला रेड टॅग

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की पार्ट मिळत नाहीत, किस्से मात्र मिळतात. एक बोल्ट काढायला जावं तर तो तुटतो, आणि त्याच्या जागी एक किस्सा येऊन बसतो. आमच्या मोराचे इतके किस्से जमलेत की एक सांगायला घेतला की बाकीचे लायनीत उभे राहतात.

मोर म्हणजे बाबांची गाडी. गोल बॉनेट, गिअर स्टेअरिंगपाशी आणि रंग मोरपंखी. काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत आलेली ती पहिली मोटार, तीही दोन मालक पाहून आलेली! बाबा कंपनीत लेथवर टर्नर होते. गेली अठरा वर्षं मोर घरामागे ताडपत्रीखाली उभा होता, आणि बाबा "रिटायर झालो की बघू" म्हणत होते. रिटायर झाले आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला.

डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली किती टिकेल, सांगता येत नाही." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "मोर एकदा नीट झालेला बघायचा होता."

झालं! मी चाकणला एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. उद्या काय कमी पडेल याचा आज घोर लावून घ्यायचा मला पगार मिळतो. आता तोच उद्योग घरीही सुरू झाला. आधी गाडी होते की आधी नजर जाते, या हिशेबाने माझी झोप उडाली.

*

मोरावरची ताडपत्री काढली त्या पहिल्याच दिवशी गायकवाडकाका आले. हे बाबांच्याच कंपनीत क्वालिटीला होते. बाबांनी जॉब बनवायचा आणि काकांनी तो रिजेक्ट करायचा, असं तीस वर्षं चाललं. केसाएवढा फरक असला तरी लाल टॅग! बाबा चिडून म्हणायचे, "गायकवाड, एक दिवस तुला न तपासता माल पास करताना पकडीन!" काका म्हणायचे, "पकड, साळवे." अशा या दोघांची रिटायर झाल्यावर जिगरी दोस्ती झाली.

काकांनी खिशातून टॅगचा गठ्ठा काढला. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवा म्हणजे ओके. संध्याकाळपर्यंत त्यांनी मोराला त्रेचाळीस लाल टॅग बांधले. लग्नघरच्या मांडवासारखी गाडी दिसायला लागली.

"काका, एकही हिरवा नाही?"

"एकच आणलाय. तो शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी?"

"ओके होईल तेव्हा!"

*

काम करायला जागा दिली मोशीच्या तात्यांनी. तात्या मूळ गावकरी. शेतं गेली, सोसायट्या आल्या, तरी एक गोठा, एक म्हैस आणि आजोबांचा ट्रॅक्टर त्यांनी अजून राखलाय. आपल्याहून जुनं यंत्र दिसलं की तात्या विरघळतात. मोर पाहिल्याबरोबर म्हणाले, "ठिवा हितं. म्हस काय बोलत न्हाई."

म्हैस बोलली नाही खरी, पण दुसऱ्याच दिवशी तिने उजव्या दाराला अंग घासून चांगला वाडगाभर पोचा पाडला. मी कपाळाला हात लावला. काका शांतपणे वाकले, पोचा मोजला आणि चव्वेचाळिसावा टॅग बांधला. त्यावर लिहिलं होतं : "उजवं दार. दोष : म्हैस."

*

पुढे म्हैस व्यायला झाली. तात्या म्हणाले, "ताई, दोन दिस तुमचा मोर भायेर काढावा लागंल. बाळंतिणीला जागा पायजे." आम्ही गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला लावली आणि मी शिफ्टला गेले.

अकरा वाजता तात्यांचा फोन. "ताई, मोर उडाला!"

झालं होतं असं, की बेवारस गाड्या उचलणारं महापालिकेचं पथक त्या रस्त्याने चाललं होतं. त्यांना एक गाडी दिसली, हवा गेलेल्या चाकांवर उभी आणि अंगभर "रिजेक्ट"च्या चिठ्ठ्या! त्यांना वाटलं, आपल्याच कुणीतरी आधी खूण करून ठेवलीय. क्रेनला लावून घेऊन गेले.

 उचललेल्या गाडीचा पत्रा कुणी कापला तर? बाबांना काय सांगू? हाफ डे टाकून घर गाठलं आणि काकांना मागे बसवून मी स्कूटर काढली. उचललेल्या गाड्या ठेवतात त्या मैदानावरच्या साहेबांनी कागद पाहिले. माणूस भला होता. म्हणाला, "गाडी तुमचीच आहे, नेऊ शकता. फक्त हे काका जाणकार दिसतात, त्यांनी एक ओळ लिहून द्यावी, गाडी चांगली आहे म्हणून."

मी पेन पुढे केलं. काका म्हणाले, "चांगली नाहीये."

"काका!"

"चव्वेचाळीस दोष आहेत. मी खोटं लिहून देणार नाही."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी रडायच्या बेतात. शेवटी काकांनी लिहिलं : "गाडी वाईट आहे, परंतु आमची आहे." आणि खाली सही! साहेबांनी ते वाचून गाडी सोडली.

*

रंगाचं काम परमेश्वरकडे. हा परभणीचा, चाकणला एका पेंट शॉपमध्ये आहे, आणि रविवारी जुन्या स्कूटर रंगवणं हा त्याचा छंद. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, मोरपंखी म्हंजी निळा का हिरवा?"

कुणालाच सांगता येईना! गाडीचा रंग गंजात गेलेला, एकुलता एक फोटो रंग उडून नारिंगी झालेला. मग त्याने पत्र्याच्या सात पट्ट्या रंगवून घरी आणल्या. बाबांनी खिडकीपाशी बसून एकेक निरखली आणि चौथी उचलली. "हीच!" दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी उचलली. "हीच!" तिसऱ्या दिवशी परमेश्वरने एक नवीच पट्टी हातात दिली. ती नाकाशी धरून बाबा म्हणाले, "अरे, ही तर कालचीच."

परमेश्वरने पट्ट्या गोळा केल्या. बाहेर चपला घालताना म्हणाला, "ताई, आता बाबांना रंग नको इचारूत. गाडीलाच इचारूत."

त्याने दाराचं आतलं कव्हर खोलून पाहिलं. तिथे तळहाताएवढा मूळ रंग जसाच्या तसा शिल्लक होता. त्याला जुळवून त्याने रंग बनवला. तेवढ्यापुरतं मला हायसं वाटलं, पण बाबांच्या हातातली ती तिसऱ्या दिवशीची पट्टी काही डोळ्यांपुढून जाईना.

*

तेव्हापासून मी रोज सकाळी बाबांची परीक्षा घ्यायला लागले. ते कॉटवर, कॅलेंडर समोरच्या भिंतीवर.

"बाबा, आज काय आहे?"

"अकरा तारीख. गुरुवार."

बरोबर असायचं. मी निर्धास्त होऊन बस पकडायची. एक दिवस विचारलं, "बाबा, आज काय?" ते भिंतीकडे बघून म्हणाले, "एकोणीस. शुक्रवार." आणि मी निघता निघता वळून बघितलं. दुधाचे खाडे लिहायला आईने कॅलेंडर आत नेलं होतं. भिंतीवर नुसता खिळा होता!

"बाबा, कॅलेंडर नाहीये तिथे."

"माहितीये मला," बाबा म्हणाले. "तू तारीख विचारलीस, मी तारीख सांगितली. कॅलेंडर आहे का, ते कुठे विचारलंस?"

आई हसली. मी पण हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. बाबा थट्टा करत होते की लपवत होते, मला कळलंच नाही.

*

इंजिनाचा दिवस तर विसरणं शक्य नाही. आमचा कार्बोरेटर पार गेलेला. रावेतच्या एका हौशी गृहस्थांकडे तसलीच गाडी आहे, ती ते चालवत नाहीत, नुसती पुसतात. त्यांनी आपला कार्बोरेटर एका सकाळपुरता द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर : सोबत ते स्वतः येणार! आले ते कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन. तात्यांनी विचारलं, "किती म्हयन्याचं हाय?"

बाबांना त्या दिवशी ताप होता, म्हणून त्यांना फोन लावून मी मोबाइल बॉनेटवर ठेवला. किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोर अठरा वर्षांनी ओरडला! म्हैस दावं तोडून पळाली, तिच्यामागे रेडकू, त्यांच्यामागे तात्या. आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो. फोनमधून बाबांचा आवाज आला, "नाचू नका. तीन नंबरचा सिलिंडर मारत नाहीये."

काकांनी तपासलं. तीन नंबरच्या प्लगची वायर ढिली होती.

"साळवे," काका फोनमध्ये ओरडले, "तुझे कान ओके!"



*

आणि मग तो रविवार. एक सोडून सगळे लाल टॅग निघाले होते. राहिलेला एक डाव्या बाजूच्या मागच्या दाराच्या फटीचा होता. "आज उजेडात मोजतो आणि मगच हिरवा," काकांनी बजावून ठेवलं होतं. सकाळी मी बाबांना मोशीला घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. रिक्षातून उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही, त्याचंही मला बरं वाटलं.

अंगणात मोर ताडपत्रीखाली झाकलेला होता. बाबांच्या समोर उघडायचा असं ठरलं होतं. नदीकडून वारा सुटला होता, ताडपत्रीचं टोक फडफडत होतं. तात्या दोरीला हात घालून उभे होते, परमेश्वर बाजूला, काका हातात फट मोजायची पट्टी घेऊन.

बाबा दहा पावलांवर थांबले. बघत राहिले. मग म्हणाले, "वा! रंग अगदी तोच जमलाय, परमेश्वर!"

तात्यांचा हात दोरीवरच राहिला. परमेश्वर खाली बघायला लागला.  उशीर झाला, आपल्याला उशीर झाला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"गायकवाड, तू तपासलंस ना?" बाबांनी विचारलं. "ओके आहे ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली पट्टी खिशात घातली. मग त्याच खिशातून तो एकुलता एक हिरवा टॅग काढला आणि बाबांच्या हातात ठेवला.

"ओके," काका म्हणाले.

बाबांनी टॅग बोटांनी चाचपला. आणि खदखदून हसले.

"पकडला! ताडपत्री न काढता ओके देतोस, गायकवाड? तीस वर्षांनी पकडला तुला!"

काकांनी त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की बाबा खोकायलाच लागले. "पकडलंस लेका, पकडलंस!" म्हणत काका डोळे पुसत होते. तात्या पोट धरून हसत होते. माझ्या जिवात जीव आला. मी ओरडले, "तात्या, ओढा!"

तात्यांनी ताडपत्री ओढली. उन्हात मोर असा झळाळला की परमेश्वरने स्वतःच टाळ्या वाजवल्या. काका पट्टी घेऊन मागच्या दाराकडे धावले, रिजेक्ट झालं तर आत्ताच कळू दे म्हणून.

बाबा जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांच्या बोटांनी माझं कोपर शोधलं. काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले,

"मोरपंखीच ना गं?"