साट्यालोट्यातले दाजी

आमच्या दाजींच्या अंगातलं एकही हाड कंपनी फिटिंगचं राहिलेलं नव्हतं, आणि तरीही अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कबड्डीचं मैदान त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, हे मी कुठल्याही पारावर उभा राहून सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान. त्यांचं गाव ढोकीच्या बाजूला, आमचं अणदूरच्या. मोडलेल्या हाडाविषयी माणसं कुरकुरतात. दाजी मात्र सोयऱ्याधायऱ्यांची ओळख करून द्यावी तशी त्यांची ओळख करून देत. "ह्यो खांदा तुळजापूरचा. ही करंगळी नळदुर्गची. आन् ह्यो गुडघा," इथं त्यांचा आवाज आदरानं खाली येई, "ह्यो तीन गावचा हाय." पाहुणे घरी आले की लोक लग्नाचा अल्बम काढतात, दाजी एक्स-रेच्या फिल्मा खिडकीच्या उजेडात धरून दाखवत. लग्नाचे फोटो कुठं आहेत, असं कुणी विचारलंच तर ताई चहा ठेवता ठेवता म्हणे, "हेच की. लगीन झाल्यापास्नं ह्येंचं आतूनच फोटू निगत्यात." अंगाला बामाचा वास इतका कायमचा की, लग्नात अत्तर लावायला आलेला माणूस त्यांना वगळून पुढच्याकडे सरके.

हे दाजी आमच्या संघात आले ते बदल्यात. आमच्या गावच्या यात्रेतल्या सामन्यांचा एक जुना नियम आहे: प्रत्येक संघाला आपल्या गावचा एक जावई खेळवता येतो. आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू नेमका दाजींच्या गावचा जावई. सासुरवाडीकडून खेळणार म्हणून तो अडूनच बसला. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी लग्नात करतात तसं साटंलोटं केलं. आमचा त्यांच्याकडं, त्यांचा आमच्याकडं. बातमी कळल्यावर पारावर दोन दिवस सुतक होतं. "आपला खोंड नेला आन् बदल्यात लंगडं जनावर बांधलं की दारात," असं माझे धाकटे काका दाजींच्या सासऱ्यांसमोरच बोलले, आणि सासऱ्यांनाही मान डोलवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

रडण्यासारखी परिस्थिती होतीच. आमचा संघ कित्येक वर्षं पहिल्याच फेरीत घरी येत होता. घरी म्हणजे काय, सामने आमच्याच गावात, त्यामुळे हरल्यावर जायला लांब पडत नसे एवढंच. त्या वर्षी कप गावात राहिला नाही तर कबड्डी बंद आणि मैदान टेनिस बॉल क्रिकेटला, असं यात्रा कमिटीनं ठरवून टाकलं होतं. इकडे धाराशिवच्या डॉक्टरांनी दाजींना बजावलं होतं की, हा गुडघा आणखी एकदा गेला की खेळ कायमचा संपला. म्हणजे संघाला एक शेवटची संधी आणि गुडघ्यालाही एकच.

दाजी रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून सरावाला येत आणि आल्या आल्या सासुरवाडीचा सगळा रीतिरिवाज मैदानात आणत. गावातला प्रत्येक पोरगा त्यांचा मेव्हणा, त्यामुळे शिवी देणं शक्य नव्हतं. सराव नुसता अहो-जाहोचा. "मेव्हणं, तुमी जरा गाढवपणा केलासा," किंवा "धाकलं पाव्हणं, आपलं टकुरं घरी ऱ्हायलं व्हय?" असं अदबीनं ऐकून घेताना पोरांना चारचौघांत कानफटात बसल्यापेक्षा जास्त लागे. उलट बोलायची सोय नाही, कारण जावयाला उलट कोण बोलणार? उशिरा येणाऱ्याला ते काहीच म्हणत नसत. फक्त उठून त्याला आपली खुर्ची देत आणि स्वतः उभे राहत. आठवड्यात सगळे वेळेवर येऊ लागले.

पण खरी अडचण पकडीची होती. दाजी शिकवण्यासाठी स्वतः चढाई करत आणि आमची पोरं त्यांना वाट मोकळी करून देत. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरायचा, तर तो हात जोडून मागं सरके. लग्नात ज्या पायांवर पाणी घातलं ते पाय धरून जावयाला मातीत आपटायचं, हे कुणाच्या पचनी पडेना. "मैदानात म्या जावई न्हाय," असं दाजींनी ओरडून सांगितलं, तेही लंगडत. कुणी ऐकेना. शेवटी एका संध्याकाळी माहेरून डबा घेऊन आलेल्या ताईनं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि चढाईला आलेल्या नवऱ्याचा घोटा धरून असा हिसका दिला की दाजी तोंडावर आले. "असं धरायचं," ती पोरांना म्हणाली. "माज्या घरचा पाय हाय, काय लाजताव?" तुळजापूरच्या खांद्याला तेव्हा आमच्या गावाचीही जोड मिळाली. पण दुसऱ्या दिवसापासून पोरं असे घोटे धरू लागली की पाहणाऱ्याला कीव यावी.

यात्रेत आम्ही एकेक फेरी जिंकत गेलो. दाजी सामन्यात फार कमी वेळा चढाईला जात, आणि गेले तरी भाड्याचं घर बघायला आल्यासारखे निवांत फिरत. कधी लंगडत, कधी नाही. यातलं खरं लंगडणं कुठलं हे समोरच्यांना कळत नसे. दाजींनाही कळत असेल असं मला वाटत नाही. मी गुण मांडायला बसलो होतो, म्हणून मला हे तटस्थपणे सांगता येतं.

अंतिम सामना दाजींच्याच गावाशी. गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई आमची. चढाईचे आमचे दोन्ही गडी बाद होऊन बाहेर बसलेले. दाजींनी गुडघ्यावरची पट्टी घट्ट केली आणि कडेला उभ्या असलेल्या ताईकडं पाहिलं. गेले चार दिवस ती 'खेळू नका' म्हणून त्यांच्याशी बोलत नव्हती. आता ती म्हणाली, "जावा. पर लाइनीला हात लावल्याबिगर घरी येऊ नका."

दाजी आत गेले. एकाला हात लागला, आणि वळतावळता कोपऱ्यातून त्यांचा घोटा धरला गेला. धरणारा आमचाच, साट्यालोट्यात गेलेला. त्यानं जावईबिवई काही पाहिलं नाही. दाजी पडले, गुडघा कुठल्या कुठं वळला, तो आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. तरी कबड्डी-कबड्डी चालूच होतं. कोपरावर सरपटत त्यांनी बोटं पुढं टाकली आणि मधल्या रेषेला लावली. आमच्या गावानं मैदानात उड्या मारल्या, पण दाजींना उचलायला पहिली धावली ती त्यांच्या गावची पोरं. ज्यानं धरलं होतं तो रडत होता. त्याच्या खांद्यावर हात टाकत दाजी म्हणाले, "लई झ्याक धरलात पाव्हणं. असंच धरायचं."

कप राहिला, मैदानही राहिलं. दाजींचा खेळ मात्र डॉक्टर म्हणाले तसा संपला. साटंलोटं मोडलं, आमचा चढाईपटू परत आला, आणि दाजी आपल्या गावच्या संघाला शिकवू लागले. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण सरावाच्या वेळी मोटरसायकलचा आवाज आला की आमची पोरं अजून माना वळवतात.

यंदाच्या यात्रेत त्यांचा आणि आमचा सामना लागला. मी नेहमीप्रमाणं टेबलावर, दाजी समोरच्या बाजूला त्यांच्या संघामागं काठी घेऊन बसलेले. तोंडानं आपल्या पोरांना सांगत होते, "धरा, धरा त्यास्नी!" आमचा गडी चढाईला आत शिरला आणि दाजी एकदम गप्प झाले. नुसते ओठ हलत होते. आमच्या गड्याबरोबर ते पुटपुटत होते, कबड्डी, कबड्डी, त्याच्याच दमानं. तो रेषा ओलांडून परत आला तेव्हाच त्यांनी श्वास घेतला, आणि आजूबाजूला कुणी पाहिलं का ते पाहिलं. मी खाली मान घालून गुण मांडला. माणूस समोर बसलेला होता, आणि मला त्यांची फार आठवण येत होती.