अक्रोडी जोडी

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे शेडबाई म्हणत. दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात आणि त्या सोळाही तिला तोंडपाठ होत्या. एखाद्याच्या पुढच्या दातावर कॅप बसवायची असली, की शेजारच्या दाताशी तिचा रंग जुळवायचं काम तिचंच. तीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून हेच करत आली होती. शहरातल्या निम्म्या लोकांचं हसू माझ्या हातचं आहे, असं ती कधीतरी म्हणे. पण त्यातलं कुणी रस्त्यात तिला बघून हसत नसे. पेशंट डॉक्टरला ओळखतो, लॅबवालीला कोण ओळखणार?

घरी ती आणि आई. वडील लवकर गेले, धाकटी बहीण लग्न करून लांब गेली. साठीत आईला कानाचं विचित्र दुखणं जडलं. जरा आवाज झाला की डोक्यात कळ जायची. मग ताटलीखाली फडकं घालायचं, दार हाताने धरून लोटायचं, टीव्ही आवाज बंद करून बघायचा. एकोणीस वर्षं दोघी मायलेकी त्या घरात कुजबुजत राहिल्या. शेडबाईला गाण्याचं वेड होतं, पण तेही इअरफोनवर, आणि एक कान आईच्या हाकेसाठी मोकळा ठेवून.

आई गेली तेव्हा बहीण चार दिवस येऊन राहिली. जाताना म्हणाली, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. शेडबाई म्हणाली, बघू. त्या ‘बघू’चा अर्थ दोघींनाही कळत होता.

पुढे दोनेक महिन्यांनी तिला एका डेंटिस्टच्या घरी जावं लागलं. त्याच्या बायकोच्या दाताचा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा होता. दिवाणखान्यात छातीइतके उंच दोन स्पीकर उभे होते आणि गाणं चालू होतं. गाणारी बाई त्या दोन स्पीकरांच्या मधे, भिंतीपाशी उभी आहे असं इतकं स्वच्छ वाटलं, की शेडबाईने वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. डेंटिस्टची बायको आ करून बसलेली, आणि ही रंगांची पट्टी हातात धरून रिकाम्या भिंतीकडे बघतेय.

असे स्पीकर आपल्याकडे हवेत, हे तिने परतीच्या बसमध्येच ठरवलं. आणि ते दिसायलाही देखणे हवेत.

पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने आधी साहेब मागून येतायत का ते विचारलं. मग मुलाबद्दल विचारलं. घरी मी एकटीच असते, असं तिने सांगितलं. जाळीचं कापड कसलं आहे, कडा कशा जोडल्यात, मागची बाजूही लाकडाचीच आहे का, अशा तिच्या प्रश्नांनी तो बुचकळ्यात पडला.

“एकट्याच असता ना?” तो सहज म्हणाला. “मग दिसण्याचं एवढं काय? बघणार कोण?”

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ‘मी’ म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडलं नाही. रस्त्यावर येऊन तिने दोन बस जाऊ दिल्या आणि तिसरीत चढली.

पुढचे आठ-नऊ शनिवार पायपीट झाली. कुठे आवाज गोड, तर रूप शवपेटीचं. कुठे रूप छान, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. शेवटी एका अरुंद जिन्यावरच्या दुकानात ती धापा टाकत पोहोचली. दुकानदार सत्तरीचा, एकटाच. काय हवंय ते त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

समोर अक्रोडाच्या लाकडाची जोडी होती. सडपातळ, कडा गोलसर. दोन्ही एकाच फळीतून कापलेले, त्यामुळे एकावरच्या रेषा दुसऱ्यावर आरशातल्यासारख्या उलट उमटलेल्या. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग उठून तिने दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि एकाच्या मागच्या कडेवर थांबली.

“इथे टवका उडालेला भरलाय,” ती म्हणाली. “रंग अर्धी छटा तांबूस झालाय.”

म्हाताऱ्याने चष्मा लावला, मग विजेरी आणली.

“चार वर्षं हे माझ्यासमोर उभे आहेत,” तो म्हणाला. “मला नाही दिसलं कधी.”

दुसरी जोडी मागवतो म्हणाला, पण तिचं मन हिच्यावरच बसलं होतं. पुढच्या रविवारी ती लॅबमधली हत्यारं घेऊन आली. फरशीवर बसून तिने जुनं भरण खरवडलं, मेणात रंग कालवला आणि थेंबाथेंबाने कड बांधून काढली. दोन तास लागले. तेवढ्या वेळात म्हाताऱ्याने दोनदा चहा केला आणि हळूच सांगून टाकलं की त्याचा उजवा कान दहा वर्षांपूर्वीच गेलाय, पण हे गिऱ्हाइकांना सांगायचं नाही. शेडबाई मोठ्याने हसली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच नवीन होतं.

स्पीकर घरी आले तेव्हा दोन हमालांबरोबर तो स्वतः आला. टेपने भिंतीपासूनची अंतरं मोजली आणि जमिनीवर एका जागी बोट टेकवलं.

“इथे बसायचं. खरा आवाज इथेच जुळतो. एकाच माणसाची जागा असते ही.”

तिथे आईची आरामखुर्ची होती, खिडकीकडे तोंड केलेली. हलवावी लागेल, असं तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, नाहीतर पलीकडच्या भिंतीला लावू, थोडाच फरक पडेल.

“नको. हलवू या.” तिने स्वतःच खुर्चीचा एक हात धरला. खुर्ची आतल्या खोलीत गेली. फरशीवर चार पायांचे चार फिकट ठिपके राहिले. त्यांच्या मधोमध तिने जेवणाची खुर्ची आणून ठेवली.

सगळे गेल्यावर तिने गाणं लावलं आणि आवाज हळूहळू वाढवला. दोन ओळींच्या मधे गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. वरचा सूर लागला, तसा तिचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि तिने आवाज एकदम कमी केला. आतल्या खोलीचा कानोसा घेतला. आई नाही हे तिला पाच महिने माहीत होतं, पण पटलं ते त्या मिनिटाला. मग डोळे पुसून तिने आवाज पुन्हा वाढवला.

आठवड्याने बेल वाजली. वरच्या मजल्यावरची बाई होती. तिने काही बोलायच्या आत शेडबाई माफी मागू लागली, आत्ता कमी करते म्हणाली.

“तसं नाही हो,” बाई म्हणाली. “इथे कुणी राहतं हेच माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, हे घर बंदच असतं.”

बाई सहा वर्षं वर राहत होती. शेडबाईने आत बोलावलं, पण बाई म्हणाली, गॅसवर दूध आहे, पुन्हा येईन. त्या संध्याकाळी शेडबाईने आणखी एक खुर्ची आणून पहिलीला लावून ठेवली. तिथून आवाज एका बाजूला कलतो, हे तिने बसून बघितलं. तरी खुर्ची काढली नाही.

बाई अजून आलेली नाही. जिन्यात भेटली की काल कोणतं गाणं होतं, एवढं विचारते. मग शेडबाई तिच्याबरोबर चार पायऱ्या वर चढते आणि गाण्याचे शब्द सांगते.