नणंदेचा साखरपुडा आणि माझा ईईजी

माझ्या नणंदेच्या साखरपुड्याचा दिवस मला अर्धाच आठवतो. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळपासून गडबड होती. मी अळूवड्या तळल्या, अंघोळ करून मोतिया रंगाची साडी नेसले, नणंदेच्या केसांत गजरा माळला. इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे. पुढचं जे सांगणार आहे ते मला नणंदेनेच सांगितलं, तेही एकदम नाही. मी खोदून खोदून विचारायची आणि ती "जाऊ दे ना वहिनी" म्हणत थोडं थोडं सांगायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. हे विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. मुलाकडची माणसं मुलुंडची, चांगल्या नोकऱ्यांतली. ती आली, बसली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि मधोमध उभी राहिले. कुणाच्याही पुढे ट्रे केला नाही. मुलाच्या आईने विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

मी म्हणाले, "हो."

"अगं, माहेर कुठलं?"

"हो."

कुणीतरी हसलं. नणंदेला वाटलं, मी घाबरलेय. तिने ट्रे काढून घेतला, तर माझे हात तसेच राहिले, ट्रे धरल्यासारखे. आणि मग सगळ्यांच्या देखत माझी साडी ओली झाली. खालच्या सतरंजीवर ओघळ आला. मुलाच्या काकांनी पाय वर घेतले.

नणंदेने काकांचं सांगितलं तेव्हा मी तिला पुढे काही विचारलं नाही. आजही त्या साखरपुड्याचा विषय निघाला की मला आधी त्यांचे ते पाय दिसतात, जे मी पाहिलेलेच नाहीत.

मला आत नेलं, साखरपुडा तिथेच थांबला. साडी नणंदेने बदलली. भरवलं की मी गिळायची, हाक मारली की मान वळवायची, बस म्हटलं की बसायची. पण डोळ्यांत ओळख नव्हती. मधेच ओठ चावत राहायची. सासूबाई पार गांगरल्या. "हिका बाहेरचा कायतरी लागलासा," म्हणाल्या. गोराईला त्यांच्या माहितीतला एक भगत होता, त्याच्याकडे न्यायचं ठरत होतं. आत्तेसासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला: "नाटकं आहेत सगळी. नणंदेचं चांगलं झालेलं बघवत नाही हिला."

त्यावर नणंद उसळली. "नाटक करणारं माणूस असं सगळ्यांसमोर लुगडं ओलं करील का, आत्ये?"

दुसऱ्या दिवशीही मी तशीच. मग नणंदेने हट्टाने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं, मी "हो" म्हणाले. ते म्हणाले, "भगत राहू दे. हिला मोठ्या इस्पितळात न्या, मेंदूचा आलेख काढतात तिथे. बाहेरून बघून कळायचं नाही हे."

टॅक्सी करून मला नेलं. डोक्याला तेल होतं म्हणून आधी केस धुतले. मग कसलासा चिकट लेप लावून डोक्यावर ठिकठिकाणी वायरी बसवल्या. हे बाहेर थांबले, नणंदेला माझा हात धरायला आत ठेवलं. ती म्हणते, मशीन कपाटाएवढं होतं, कागदाची घडी सरकत होती आणि त्यावर पेनांची एक रांग. मशीन चालू झालं आणि सगळी पेनं एकदम उड्या मारायला लागली. खरर्र खरर्र असा आवाज. तिला वाटलं मशीन बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानाशी टाळी वाजवली, नावाने हाक मारली. पेनांना काही फरक नाही.

"ही कालपासून अशीच आहे?"

"हो. घरचे म्हणतात नाटक करते."

"नाटक नाही. हिला आत्ता, या क्षणी फिट चालू आहे. हातपाय झटकत नाहीत म्हणून दिसत नाही."

त्यांनी माझ्या शिरेत हळूहळू इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. नणंद कागदाकडेच बघत होती. उड्या लहान झाल्या, विरळ झाल्या, थांबल्या. जरा वेळाने मी डोळे उघडले. माझी आठवण इथून पुन्हा सुरू होते: लेपाचा वास, आणि नणंदेचं रडून सुजलेलं तोंड अगदी जवळ.

मी विचारलं, "चहा कोणाचा राहिला?"

ती हसायला लागली आणि मग हुंदके देऊन रडायला लागली. माझ्या अंगात तिचा गाऊन होता. "माझी साडी?" म्हटलं, तर "धुतली" एवढंच म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. बाहेरचं काही नाही म्हणून सासूबाईंना हायसं वाटलं, पण फिट हा शब्दही त्यांना नको होता. "कोणाक सांगू नको हां. पित्त झाला होता, असा सांगूचा." मला वेड लागलेलं नाही, मी ढोंगी नाही, हे मशीनने सांगितलं होतं, आणि तेच तर कुणाला सांगायचं नव्हतं.

आठवड्याभराने मुलाची आई आली. मी स्वयंपाकघरातून बाहेर गेलेच नाही. भिंतीला पाठ लावून ऐकत होते. सासूबाईंनी पित्ताचं सांगितलं. नणंद मधेच म्हणाली, "पित्त नाही. वहिनीला फिट आली होती. मी स्वतः बघितलं मशीनवर. आता बरी आहे." बाई "असं का" म्हणाल्या. चहा मात्र घेतला नाही.

मग पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. नणंद मला एका शब्दाने बोलली नाही. मोरीत नळ सोडून रडत होती, ते पाण्याच्या आवाजातूनही कळत होतं. पुढे तिला बोरिवलीचं स्थळ मिळालं, संसार चांगला झाला. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? मी तिच्यासमोर जेवायला बसेनाशी झाले. ती हाताला धरून बसवायची, मी खाली मान घालून घास गिळायची.

काही महिन्यांनी पुन्हा ईईजी काढायला बोलावलं. या वेळी हे बरोबर आले. मी जागी होते, पेनं चालताना ऐकत होते. डोळे मिटायला सांगितल्यावर का कोण जाणे, मला रडू फुटलं. "बाई, रडू नका, रेघ हलते," मशीनवरचा माणूस म्हणाला. मी दात आवळून पडून राहिले. आलेख पुष्कळ सुधारला होता.

परतताना आम्ही बसच्या रांगेत उभे होतो. हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तुला आत नेल्यावर मी तुझ्या तोंडात मारली होती. दोनदा. मला वाटलं, तू मुद्दाम करतेस."

नणंदेने हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

"तू रडली पण नाहीस. नुसती हो म्हणालीस."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तेव्हा "हो" म्हणाले याचीच इतकी लाज वाटली की मी पदर ओढून घेतला. हेही माझ्याकडे बघत नव्हते. बस आली. जागा मिळाली तरी आम्ही पुढे-मागे बसलो, आणि घाटकोपर येईपर्यंत मला त्यांच्या शर्टाची कॉलर तेवढी दिसत राहिली.