केबलवरची चादर

मी तेव्हा मुंबईत चित्रकलेच्या कॉलेजात होते. आमच्या मॅडमनी परदेशातून व्हिडिओ आर्टची एक कॅसेट आणली होती, पाच देशांतल्या पाच कलाकारांची. शनिवारी ती मला घरी न्यायला मिळाली. सोमवारी परत करून तिच्यावर वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं.

वाशीच्या आमच्या घरातल्या व्हीसीआरवर चित्र नुसतं वरखाली पळायचं. परदेशी कॅसेट चालेल असं मशीन सेक्टरमध्ये फक्त केबलवाल्याकडे होतं. त्याच्या खोलीत एकटीने बसून बघणं मला जमणार नव्हतं. ते त्यालाच कळलं असावं. "ताई, घरीच बघा," तो म्हणाला. "तीनचा पिक्चर आज नको, तुमची कॅसेट माझ्या चॅनेलवर लावतो. दुपारी कोण बघतंय?"

आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका बघत होत्या, हे तीन वाजता समजलं. समोरच्या काकू रोजच्यासारख्या मेथी निवडायला आमच्याकडे आल्या होत्या. कॅसेट माझी आहे हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ आर्टला मराठीत काय म्हणायचं तेच मला माहीत नव्हतं.

पहिल्या फिल्ममध्ये एक जपानी माणूस हातातला बर्फ वितळेपर्यंत उभा होता. काकूंनी त्याला मनसोक्त नावं ठेवली, आई हसली. मी वहीत बघत राहिले. दुसरी चिलीची होती. रिकाम्या घरात एक म्हातारी मोठी डबल चादर एकटीच घडी करत होती. एक टोक दाराच्या कडीत अडकवायची, दुसरं ओढायची, की पहिलं सुटायचं. पुन्हा तेच. काकूंचा हात मेथीवर थांबला.

"अगं, कोणीतरी धरा गं तिचं टोक."

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि हिंदी गाणी सुरू झाली.

अजून साडेतीन फिल्म बाकी होत्या. त्या न बघता मी सोमवारी काय बोलणार होते? फोन काकूंच्या खुर्चीशेजारी होता. नंबर फिरवताना मी त्यांच्याकडे पाठ केली. केबलवाला म्हणाला, लोकांचे फोन येतायत, कॅसेट अडकलीय म्हणतात. कॉलेजात इंग्रजीत सांगायचं असतं तर माझं वाक्य तयार होतं.

"अडकली नाहीये," मी म्हणाले. "ती तशीच आहे. माझी कॅसेट आहे. परत लावा, आणि शेवटपर्यंत बंद करू नका."

फोन ठेवून वळले तर दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"तुझी होय?" काकू म्हणाल्या. "मग मघाशी बोलायचं नाही का? त्या बर्फवाल्याला किती बोलले मी."

म्हातारी परत आली. शेवटी तिने चादरीचं टोक हनुवटीखाली धरलं आणि वेडीवाकडी का होईना, घडी घातली. काकूंनी मान हलवली आणि विचारलं, असं कोणी मुद्दाम का दाखवतं?

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि मला वाटत होतं ते मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला लागले. आईने टीव्हीचा आवाज कमी केला.