न आवळलेली काडतुसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड माहीत नाही — कदाचित तुम्ही शेखरला ओळखत नाही म्हणून.

शेखर माझा मित्र. आम्ही दोघं पुण्याहून अमेरिकेत, चँडलरला आलो, एकाच चिप कंपनीत लागलो, आणि चाळिशीत दोघांनाही नेमबाजीचं खूळ लागलं. त्यात मी अतिशहाणा. गॅरेजमध्ये प्रेस बसवून स्वतःची काडतुसं भरणारा, आणि कुणी विचारो न विचारो, व्याख्यान झोडणारा. माझं एक ठाम मत होतं — क्रिम्प करू नये. क्रिम्प म्हणजे काडतुसाचं पितळी तोंड गोळीभोवती आवळून घेणं. त्याने नेम बिघडतो, असं मी सांगायचो. माझ्या रायफलपुरतं ते खरंही असेल.

शेखरची रायफल मात्र वेगळी. त्याच्या शेजारच्या वॉल्टरनी, ऐंशीच्या घरातल्या एकट्या माणसाने, आपल्या वडिलांची जुनी लिव्हरवाली रायफल त्याला प्रेमाने दिली होती. तिच्यात काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक बसतात. दर वेळी बार उडाला, की त्याच्या धक्क्याने न आवळलेली गोळी काडतुसात आत सरकू शकते, मग दाब वाढून ते काडतूस नको तेवढ्या जोराने फुटतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

त्याच्या वाढदिवसाला मी डबाभर काडतुसं भरून दिली. तोंडाची कड गोळीच्या खाचेत वळवायची, की चहूबाजूंनी दाबून आवळायची — एवढंच ठरवायचं होतं. पण त्यासाठी प्रेसमधला डाय, म्हणजे साचा बदला, पितळी पुंगळ्या एका लांबीच्या करा, पुन्हा सेटिंग करत बसा... मला कंटाळा आला. काहीच केलं नाही. नेमबाजीच्या रेंजवर निघताना त्याने मला फोन केला.

"क्रिम्प केलंयस ना यार? लिव्हर-ॲक्शनला मस्ट आहे म्हणतात."

"केलंय रे. डोन्ट वरी."

इतक्या सहज. क्षणभर अडखळलोसुद्धा नाही. माझ्या तोंडून खोटं असं निघू शकतं, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

पुढचा फोन त्याच्या मुलीचा, इराचा. ती इंग्रजीत भराभर काहीतरी बोलत होती आणि मला एकच शब्द कळत होता — आय, आय. डोळा. रेंजवर शेखरच्या हातातच रायफल फुटली होती.

हॉस्पिटलमध्ये वॉल्टर आले. टोपी हातात चुरगाळत शेखरची माफी मागू लागले — माझीच चूक, एवढी जुनी बंदूक मी द्यायलाच नको होती. मी तिथेच उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं ना? मी त्यांना खुर्ची दिली. कॉफी आणून दिली. आणि वर म्हणालो, जुन्या बंदुकांचा भरवसा नसतो. ते मान हलवत राहिले.

उरलेली काडतुसं मी "बघतो" म्हणून घरी आणली. एक टेबलाच्या कडेला टेकवून नुसतं दाबलं. गोळी आत सरकली.

वॉल्टरनी ती रायफल कापून टाकायला लावली. वडिलांची होती. गेल्या वर्षी वॉल्टर वारले. शेवटपर्यंत शेखरच्या दारावरून जाताना नजर खाली असायची. रायफलीत काहीही खोट नव्हती.

शेखर अजून शनिवारी चहाला येतो. इरा त्याला सोडते. तो बसला, की मी त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढतो. त्या बाजूचं त्याला दिसत नाही.